डिसेंबर २०२३: गुहागर, नागपूर आणि निळा आईसबॉक्स

१ डिसेंबर, शुक्रवार

सहाला निघायचं ठरलं होतं, आठला निघालो, म्हणजे आमच्या घरच्या मानाने लवकरच. गाडीत मी, नवरा, चिरंजीव (वय वर्षं ९), मांडीवर आजीच्या पैठणीचा बॉक्स धरून बसलेली माझी आई, आणि माझ्या पायाशी निळा आईसबॉक्स. हा आईसबॉक्स आमच्याबरोबर सगळीकडे असतो, लग्नाला, बारशाला, देवळात. चिरंजीवाला हिमोफिलिया ए आहे, सिव्हिअर, म्हणजे रक्त गोठायला लागणारा फॅक्टर आठ त्याच्या अंगात १ टक्क्यापेक्षाही कमी. लोकांना वाटतं जरा खरचटलं की पोरगं रक्ताच्या थारोळ्यात. तसं नसतं हो. खरं दुखणं आत असतं, गुडघ्यात, घोट्यात, कोपरात आतल्या आत रक्त साठतं, सांधा फुगतो, आणि तेच तेच होत राहिलं की सांधा कायमचा आखडतो. आमचा उपाय म्हणजे फॅक्टर शिरेतून द्यायचा, आणि तो २ ते ८ डिग्रीत ठेवावा लागतो, म्हणून हा बॉक्स.

सरकारी दवाखान्यात फॅक्टर फुकट मिळतो, पण तालुक्याला नाही, जिल्ह्याच्या गावी. आम्ही सांगली जिल्ह्याच्या त्या टोकाला राहतो जिथून जायलाच दीड तास, आणि गेल्यावर कधी कधी "स्टॉक संपलाय, सोमवारी या". सांधा सोमवारपर्यंत थांबत नाही. हे सगळं आत्ताच सांगून टाकते कारण नाहीतर पुढे नागपूरला काय करायला गेलो ते कळणार नाही.

कराड, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट. घाटात आईला गाडी लागली, चिरंजीवाला नाही, त्यामुळे तो दिवसभर मिरवत होता. चिपळूणला जेवलो आणि गुहागरजवळच्या वाडीत पोचेपर्यंत दिवेलागण झाली. आजीने आल्या आल्या विचारलं, कोयनेवरून आलात ना? तिला कोयना म्हटलं की १९६७ च्या डिसेंबरातला भूकंपच आठवतो, पहाटे फडताळातली भांडी कशी खाली आली ते आम्हाला पाठ आहे, पण तिने सांगितलं आणि आम्ही ऐकलं.

२ डिसेंबर, शनिवार

उद्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन. हजार पौर्णिमा म्हणजे साधारण ८० वर्षं १० महिने, आणि भटजींच्या हिशोबात काय बसतं ते भटजींनाच ठाऊक, आमच्याकडे सगळ्यांना सुट्टी मिळेल तो रविवार बसला. मामाच्या घरी माणसांचा बाजार. मागच्या पडवीत नारळ खोवणाऱ्या बायका, पुढच्या अंगणात मांडववाले, आणि मधल्या सगळ्या जागेत पोरांचं क्रिकेट.

चारच्या सुमाराला चिरंजीव लंगडत आला. मला काही सांगावं लागत नाही, चालणं बघूनच कळतं. डावा घोटा. त्याने पण सरळ सांगितलं, "आई, मुंग्या येतायत आतून," म्हणजे ब्लीड सुरू झालाय. सूज डोळ्याला दिसायच्या आधी त्याला कळतं आणि तेव्हाच फॅक्टर गेला तर अर्धं काम झालं.

माजघरातच बैठक मारली. एका बाटलीत पावडर, दुसरीत पाणी, पाणी पावडरीत सोडायचं आणि हलवायचं नाही, फेस होतो, दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू फिरवायची, दोन-तीन मिनिटांत स्वच्छ दिसायला लागते. वजन २४ किलो. किलोमागे एक युनिट दिलं की पातळी साधारण २ टक्के वाढते, आपल्याला ४० च्या आसपास हवी, म्हणजे ५०० ची एक बाटली. मग बटरफ्लाय सुई, उजव्या हाताची ती एक भरवशाची शीर. इकडे मी शीर शोधतेय आणि दारात बारा-पंधरा नातेवाईक उभे, एक काकू पदर तोंडाला लावून "अगोबाई" करतायत. चिरंजीव त्यांना म्हणाला, "काकू, तुम्ही तिकडे बघा, म्हणजे तुम्हाला दुखणार नाही."

बॉक्समधली एक बाटली संपली की माझं डोकं लगेच पुढचं मोजायला लागतं. इथून फॅक्टर मिळणारं सगळ्यात जवळचं ठिकाण कुठलं, रात्री किती वाजता निघावं लागेल, घाट की रत्नागिरी. हे गणित मी कुठल्याही गावात पाय ठेवला की करते, इतरांना समुद्र किती जवळ आहे हे आधी सुचतं.

३ डिसेंबर, रविवार

घोटा सकाळी बराच उतरलेला. पट्टी बांधून खुर्चीत बसवला, तो खूश, कारण मोबाईल हातात.

आजी पैठणीत अशी दिसत होती की मामाने आधी ओळखलंच नाही असं नाटक केलं. होम झाला, चंद्राची चांदीची प्रतिमा पुजली, मग गुळाने तुला. आजी जेमतेम चाळीस किलोची, गूळ मागवला होता साठ किलो, मामी म्हणाली उरलेला पुरणात जाईल. ८१ दिव्यांनी ओवाळताना वाऱ्याने निम्मे विझत होते, मावश्या परत पेटवत होत्या, भटजी मंत्र लांबवत होते. डोक्यावर चाळणी धरून त्यातून सोन्याचं फूल आणि फुलं-पाकळ्या सोडल्या. जेवायला उकडीचे मोदक, वालाचं बिरडं, सोलकढी. मोदक किती खाल्ले ते विचारू नका.

दुपारी पंगती उठल्यावर आजी ओटीवर टेकली आणि चिरंजीवाच्या पायाची पट्टी बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "माझ्या धाकट्या भावाचे पण असेच गुडघे सुजायचे. सात वर्षांचा होता. दात पडला आणि रक्त काही केल्या थांबेना. तिसऱ्या दिवशी गेला. दृष्ट लागली म्हणाले." माझी आई एकसष्ट वर्षांची, तिने हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आजीला त्यावेळी कुणी विचारलं नव्हतं आणि नंतर कुणाला विचारायचं सुचलं नाही.

हा आजार बायकांमार्फत पुढे जातो. कॅरिअर बाईच्या (म्हणजे जिच्याकडून आजार पुढच्या पिढीत जाऊ शकतो तिच्या) प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता अर्धी, प्रत्येक मुलगी कॅरिअर असण्याची शक्यताही अर्धी. आजी, आई, मी, असा तो आलाय. (ज्यांच्या घरात मागे कुणालाच नव्हता असेही साधारण एक तृतीयांश पेशंट असतात, त्यामुळे "आमच्याकडे नाही हो असलं काही" म्हणणाऱ्यांनी फार ताठ बसू नये.) आजी म्हणाली म्हणजे माझ्याकडूनच आला की. मी म्हटलं, आजी, इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या घरात पण होता, तिच्याकडून रशियाच्या राजवाड्यापर्यंत गेला. आजीने क्षणभर विचार केला, "म्हणजे अगदीच हलक्या घरातला नाही."

मामी काळजीत, तिच्या दोन्ही मुली लग्नाच्या. तिला सांगितलं, मामाला आजार नाही ना, मग त्याच्या मुलींना त्याच्याकडून येण्याचा प्रश्नच नाही. मामी जी उठली ती थेट देवापुढे. पण संध्याकाळी भांडी आवरताना मावसबहीण जवळ आली, हिचा साखरपुडा झालाय ऑक्टोबरात, आणि हळूच विचारलं, "ताई, माझी टेस्ट कुठे होईल? आणि कुणाला कळणार नाही ना?" मावशी आजीचीच मुलगी, त्यामुळे हिला नाही असं छातीठोक सांगता येत नव्हतं. पुण्यात कुठे होते ते सांगितलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

४ ते १० डिसेंबर

परत. शाळा, ऑफिस, कपड्यांचे ढीग. आमच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऑक्टोबरपासून चर्चा चालली होती की हिवाळी अधिवेशनात जाऊन आमदारांना भेटायचं. ७ तारखेला अधिवेशन सुरू झालं तरी ग्रुपवर "जाऊया नक्की" आणि हात जोडलेले इमोजीच. शेवटी सांगली, सातारा, कोल्हापूरकडचे मिळून काहीजण तयार झाले. आमच्यातलं कुणीही याआधी मतदान सोडून राजकारणाच्या वाटेला गेलेलं नाही. माझ्या सासऱ्यांचं मत, "आमदार लग्नात भेटतो तेव्हा सांगायचं, नागपूरला कशाला जायचं." खरं तर हा सल्ला वाटतो तितका वेडगळ नाही, पण लग्नात आमदार अक्षता टाकून पुढच्या लग्नाला पळतो.

चिरंजीवाला न्यायचं की नाही यावर घरात दोन दिवस वाद. पोराला पुढे करून सहानुभूती मिळवायची नाही हे माझं पक्कं होतं, पण शीर मलाच सापडते, मी नागपुरात आणि ब्लीड घरी असं झालं तर? म्हणून तो, नवरा आणि बॉक्स, सगळेच.

११ डिसेंबर, सोमवार

महाराष्ट्र एक्सप्रेस. कोल्हापूरहून निघते आणि गोंदियाला जाते, अख्खं राज्य आडवं कापत. दुपारी सांगलीला बसलो. बाहेर उसाच्या ट्रॉल्या, कारखान्याचा तो गोडसर वास कराडपर्यंत. रात्री पुणं, तिथे आणखी दोन कुटुंबं चढली, त्यांच्याकडे पण बॉक्स, एकाचा लाल एकाचा पांढरा. सीटखाली तिन्ही बॉक्स लावले आणि टीसीने विचारलं मासे आहेत का.

निवेदन ट्रेनमध्येच फायनल करायचं होतं. चार पानांचं झालं होतं, रक्त म्हणजे काय इथपासून सुरुवात. साताऱ्याचे एक काका निवृत्त तलाठी, त्यांनी पेन काढला आणि दौंड येईपर्यंत तीन पानं उडवली.

१२ डिसेंबर, मंगळवार

भुसावळला सकाळ, केळी घेतली, अकोल्याला चहा, बडनेरा, वर्धा, आणि संध्याकाळी नागपूर. स्टेशनबाहेर पांढऱ्या टोप्यांचा समुद्र, "एकच मिशन, जुनी पेन्शन". त्या दिवशी पेन्शनवाल्यांचा प्रचंड मोर्चा होता, सगळं शहर तुंबलेलं. ऑटोवाला म्हणाला, "मोर्चा हाय ना जी तिकडं, फिरून घ्या लागते," आणि फिरून घेतलं ते असं की झिरो माईल दोनदा दिसला. तिथेच गोवारी स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला आपली मागणी घेऊन याच अधिवेशनावर आलेल्या गोवारी लोकांच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले, त्यात बहुतेक बायका आणि लेकरं. नवऱ्याने चिरंजीवाला ते सांगितलं, मग त्याचे प्रश्न लॉजपर्यंत संपेनात. पोलीस होते ना? मग? मंत्री बाहेर आले नाहीत का?

१३ डिसेंबर, बुधवार

सकाळी तर्री पोहे. आमच्या कोल्हापूरकडच्या मंडळींनी "तिखट आहे बरं का" हे ऐकून हसून घेतलं आणि मग दोन ग्लास पाणी प्यायले.

आमदार निवास. मी मनात काहीतरी गंभीर, शांत जागा धरून चालले होते. प्रत्यक्षात व्हरांड्यात झोपलेले कार्यकर्ते, वाळत घातलेले टॉवेल, चहाच्या किटल्या, बदलीचे अर्ज घेतलेले शिक्षक, आणि प्रत्येक दारासमोर आमच्यासारखेच फाईल छातीशी धरलेले लोक. आमच्या आमदारांच्या खोलीबाहेर पावणेदोन तास. ते आले, "हां हां, आपल्याकडचे ना, काय काम?" म्हणाले, निवेदन घेतलं, फोटो झाला, "हे पसरतं का?" असं विचारलं, नाही म्हटल्यावर "बरं बरं" म्हणाले आणि सभागृहात गेले. पाच मिनिटं असतील. काका म्हणाले झालं, फोटो मिळाला.

पण पीए मागे राहिला होता. आणि चिरंजीवाने त्याला सरळ विचारलं, "काका, तुमच्याकडे फ्रीज आहे का? आमचा आईसपॅक वितळलाय." तो माणूस हसला, शेजारच्या खोलीतल्या फ्रीजमध्ये आमचे दोन आईसपॅक ठेवून आला, परत येऊन बसला आणि विचारलं, नक्की काय असतं यात? बॉक्स उघडून दाखवला. बाटली, पाणी, सुई. किंमत सांगितली, विकत घेतली तर महिन्याचा पगार कसा जातो ते. दीड तासाचं अंतर सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, हे असं सांगा ना. निवेदनात तुम्ही 'रुग्णांना भेडसावणाऱ्या विविध समस्या' लिहिलंय, त्यातून साहेब काय विचारणार?"

मग त्याने जे शिकवलं ते मी इथे लिहून ठेवते, कारण ते कुठल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नव्हतं. मागणी एकच ठेवा आणि तिच्यात दवाखान्याचं नाव असू द्या. आमची झाली: उपजिल्हा रुग्णालयात फॅक्टरचा ठरावीक साठा आणि तो द्यायला शिकवलेली एक नर्स. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो, हवा असेल तर अधिवेशनाच्या महिनाभर तरी आधी या, आत्ता त्याची वेळ गेली. लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, देता येते पण ती अध्यक्षांनी स्वीकारली तरच लागते, शेकड्याने येतात, भरवसा धरू नका. पण मंत्र्यांना आमदाराच्या लेटरहेडवर पत्र, त्याच्यावर आवक नंबर आणि पोच, हे आज होऊ शकतं. आणि पोच घेतल्याशिवाय कुठल्याही टेबलावरून हलायचं नाही. आमदारापेक्षा पीए महत्त्वाचा, हे मी तरी आता कुणालाही सांगेन.

दुसऱ्या दिवशीचे गॅलरीचे पास पण बघतो म्हणाला. आणि दुपारी टीव्हीवर बातमी, दिल्लीत लोकसभेत प्रेक्षक गॅलरीतून दोघांनी खाली उडी मारली, धूर सोडला. आमदार निवासातले सगळे टीव्हीसमोर. पीएने आमच्याकडे बघून नुसती मान हलवली. पासांचं काय झालं ते समजायला शब्द लागले नाहीत.

१४ डिसेंबर, गुरुवार

विधानभवनाच्या दूरच्या गेटपर्यंतच पोचलो, बंदोबस्त असा की पाण्याची बाटली पण उघडून हुंगली. बॉक्स तर लॉजवरच ठेवला होता, तो घेऊन इथे आले असते तर आजही तिथेच असते. सरकारी कर्मचाऱ्यांचा संप आजपासून, आत मराठा आरक्षणाचा विषय तापलेला, त्यात आमचा फॅक्टर आठ कोण ऐकणार असं वाटत होतं. पण आमदार बाहेर येऊन भेटतात, गेटजवळ फाईलवाल्यांचे घोळके असतात आणि नाव पुकारलं की पुढे व्हायचं. आम्ही नवं एक पानी निवेदन तिघांना दिलं. एक बाई आमदार उन्हात उभ्या राहून पूर्ण पान वाचत होत्या, आणि वाचून विचारलं, "सुट्टीच्या दिवशी ब्लीड झाला तर?" हा प्रश्न विचारणारी सरकारी दुनियेतली पहिली व्यक्ती. मी बोलायला लागले आणि आवाज असा चिरकला की काकांनीच पुढचं सांगितलं.

तिथेच गडचिरोलीकडची एक आई भेटली, मुलीला सिकलसेल, तोही रक्ताचा आनुवंशिक आजार. म्हणाली, आमचं सिकलसेलचं मिशन जुलैत सुरू झालं मध्य प्रदेशातून, तपासण्या होतायत, कार्डं येतायत, पण पोरगी दुखण्याने रात्री ओरडते तेव्हा कार्ड काय दाखवायचं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल तिन्ही एकाच रांगेत आहेत, तरी आम्ही तोपर्यंत एकमेकींना ओळखत नव्हतो. नंबर घेतले. ती रात्रीच्या बसने परत जाणार होती, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, तिचा उपास होता. आमच्याकडच्या एकीचाही. दोघींनी फुटपाथवर बसून माझ्याकडची केळी खाल्ली.

पत्राची पोच संध्याकाळी मिळाली. निळा शिक्का, आवक नंबर हाताने लिहिलेला. नवऱ्याने त्याचे चार बाजूंनी फोटो काढले. तो आणि चिरंजीव दिवसभर रमण विज्ञान केंद्रात होते आणि दोघांनाही माझ्यापेक्षा जास्त गोष्टी सांगायच्या होत्या.

१५ ते १७ डिसेंबर

संत्रा बर्फी, सेवाग्राम, बापूकुटी, परतीची तीच गाडी. बापूकुटीत एवढ्या कमी सामानात माणूस राहिला हे बघून सासूबाईंसाठी घेतलेली साडी मी पिशवीत खाली सरकवली.

२० डिसेंबर, बुधवार

अधिवेशन संपलं. आमची लक्षवेधी लागली नाही. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "म्हटलं होतं ना काही होत नाही." हे लिहिणारे नागपूरला आले नव्हते, एवढंच नमूद करते.

२६ डिसेंबर, मंगळवार

दत्तजयंती, नरसोबाची वाडी. गर्दीत चिरंजीवाला मध्ये ठेवून आम्ही भोवती कडं केलं, तरी जन्मकाळाला तो कसा कोण जाणे पुढे पोचला. कवठाची बर्फी आणि बासुंदी. घोटा शाबूत. आजीचा व्हिडिओ कॉल आला, ती पैठणी परत नेसली होती, कारण विचारलं तर म्हणाली, "आता कधी नेसू?"

२९ डिसेंबर, शुक्रवार

पीएचा फोन. मंत्र्यांच्या कार्यालयातून जिल्ह्याला विचारणा आली आहे, उपजिल्हा रुग्णालयाच्या हद्दीत पेशंट किती, तालुकावार यादी द्या, नाव, वय, गाव. मी उड्या मारल्या, ग्रुपवर टाकलं, आणि ग्रुप चिडीचूप. मग एकेकाचे पर्सनल मेसेज यायला लागले. आमचं नाव नको, मोठीचं बघतोय. गावाचं नाव नको, आमचं एकच घर आहे त्या आडनावाचं. एकाने पाठवलेलं नाव रात्री अकराला परत मागे घेतलं. चिडायचं म्हटलं तर कुणावर, मावसबहिणीचा प्रश्न मलाही आठवत होताच.

काकांनी तोडगा काढला, नावाऐवजी नुसता क्रमांक, वय आणि गट, मूळ यादी दोघांकडेच. पीएला विचारलं चालेल का, तो म्हणाला साठा ठरवायला आकडा लागतो, नाव लागत नाही, सिव्हिल सर्जनच्या सहीने द्या. आता सोमवारी सही. आणि पुढचं अधिवेशन मुंबईला, तारांकित प्रश्न यावेळी वेळेत द्यायचा, मसुदा काका लिहितायत, एका पानात.